वाढत्या पावलांचे बूट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील पालकसभेत केलेले भाषण)



या वर्षीच्या व्याख्यानमालेत आतापर्यंत ज्ञानेश्वरी झाली, नाट्यसंगीत झाले, मराठी शिलालेख झाले. आणि आज आमच्या वाट्याला बूट आले आहेत. श्रोत्यांपैकी कित्येकांच्या मुद्रेवर जे स्मित उमटले आहे, त्याचा आम्ही मुळीच विषाद मानीत नाही. कार्यकारिणीने हा विषय सुचविला तेव्हा आम्हांलाही प्रथम हसूच आले होते. परंतु विषय थट्टेचा नाही. आपल्या मंडळातील बरीच मुलेमुली अलीकडे हिवाळ्याच्या सुटीत औलीला स्कीइंग शिकावयास जातात. दोनदोन, तीनतीन हिवाळे जाऊन आलेलीही आता पुष्कळ झाली आहेत. मुलांना स्वतःचे बूट घेऊन द्यावेत काय, आणि घ्यावयाचे तर कसे पारखून घ्यावेत, हा प्रश्न निरनिराळ्या आईबापांनी आम्हांला इतक्या वेळा विचारला आहे की, एकेकाला उत्तर देण्यापेक्षा एक परिपत्रकच काढावे असे वाटू लागले होते. आजचे भाषण हे ते परिपत्रक समजावे. फक्त त्यावर कोणाचीही सही घेतली जाणार नाही.

आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. आम्ही केंद्र सरकारच्या नोकरीतले, शिक्षणाने बी. ए.; पदार्थविज्ञानाशी आमचा संबंध शाळेतच संपला. मात्र आमची कन्या गेले पाच हिवाळे हा खेळ खेळत आहे, आणि तिच्या पावलांची मापे आम्ही एका वहीत टिपून ठेवीत आलो आहोत. सरकारी नोकरी माणसाला दुसरे काही देवो न देवो, नोंद ठेवण्याची खोड तेवढी देतेच. ती वही, औलीच्या उतारावर शिक्षकांच्या तोंडून जे ऐकले ते, आणि दुकानांतून मुलांच्या पायांशी बसून जे पाहिले ते, एवढे आमचे भांडवल.

डेहराडूनला बदलीवर आलेल्या आपल्या पहिल्या पिढीने बर्फ पाहिला तो मसुरीला घटकाभर जाऊन, हातात एक गोळा करून, छायाचित्र काढून घेऊन. त्यांची नातवंडे त्याच बर्फावरून पायांना लांब पट्ट्या बांधून सुसाट खाली येतात. औली येथून काही जवळ नाही. जोशीमठापर्यंतच सुमारे ३०० किलोमीटर, आणि तेथून वर घाटाचा रस्ता. उतार साधारण २५०० ते ३००० मीटर उंचीवर आहेत. भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची गिर्यारोहण व स्कीइंगची संस्था तेथे १९७३ पासून आहे. गढवाल मंडल विकास निगम सात व चौदा दिवसांचे वर्ग घेत आले आहे, आणि २०११ च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा आपल्या या शहरात आणि औलीत झाल्या, हे येथील बहुतेकांना आठवत असेल. पुढे २०१८ साली मनालीकडील आंचल ठाकूर हिने तुर्कस्तानातील एर्झुरुम येथे कांस्यपदक मिळविले, आणि २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये गुलमर्गच्या परिसरातील आरिफ खान याने जायंट स्लालम या शर्यतीत ४५ वा क्रमांक मिळविला. ४५ वा क्रमांक ऐकून कोणी नाक मुरडू नये. त्या शर्यतीत निम्म्याच्या आसपास स्पर्धक शेवटपर्यंत पोहोचूच शकले नव्हते.

आज आपण ज्या मुलाविषयी बोलणार आहोत तो अगदी नवखा नाही. नवख्याने भाड्याचे बूट घालावेत. त्याविषयी वाद नाही. आपला विद्यार्थी एक-दोन वर्ग पुरे केलेला आहे. स्कीची टोके पुढे जवळ आणून, मागची बाजू नांगरासारखी फाकवून वेग आवरणे त्याला साधले आहे. आता दोन्ही स्की एकमेकींना समांतर ठेवून वळण घेण्याची त्याची खटपट सुरू आहे. बरोबर याच टप्प्यावर बूट मुलाला पुढे तरी नेतात, नाही तर जागच्या जागी खिळवून ठेवतात. नांगर-पद्धतीत ढिला बूटही चालून जातो. वेग थोडा असतो आणि सारे काम जोरावर भागते. समांतर वळणात मात्र मुलाने गुडघा पुढे दाबला, नडगीने बुटाच्या पुढच्या भागावर रेटा दिला, पाऊल किंचित कलते केले, की ती हालचाल तत्काळ स्कीच्या पोलादी कडेपर्यंत पोहोचावी लागते. पायात आणि बुटात पोकळी असेल तर आधी पाऊल बुटातल्या बुटात फिरते, मग बूट फिरतो, आणि सर्वांच्या मागून स्की फिरते. तोवर वळण निघून गेलेले असते.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्टच सांगतो. पैसे एकाच वस्तूला पुरत असतील तर बूट घ्यावेत आणि स्की भाड्याने आणाव्यात. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते. स्की लांब, रंगीत, घराच्या भिंतीला टेकवून ठेवल्या की येणाऱ्याजाणाऱ्याच्या दृष्टीस पडतात. बूट बिचारे पलंगाखाली जातात.

दुसरी गोष्ट आपल्या घरांच्या रीतीसंबंधीची आहे, आणि ती बोलताना आम्हांला जरा जपूनच बोलावे लागेल, कारण समोर आजीमंडळी बसलेली आहेत. आपण सारे पगारदार. मुलांचे कपडे आपण वाढत्या मापाचे शिवतो. शाळेच्या चड्डीला आत चार बोटे दुमड असते, परकराला टीप असते, आणि जून महिन्यात घेतलेल्या जोड्याच्या पुढे कापूस कोंबून तो पुढच्या जूनपर्यंत नेला जातो. या काटकसरीवर आपल्यापैकी कित्येकांची शिक्षणे झाली. त्या रीतीला आम्ही नावे ठेवणार नाही. पण तीच रीत स्कीच्या बुटाला लावली की काय होते ते पाहा.

आमच्या परिचयातील एका कुटुंबातला अकरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या हिवाळ्यात इतके सुरेख वळू लागला होता की, शिक्षक इतर मुलांना त्याच्याकडे पाहावयास सांगत. वडिलांना समाधान वाटले. त्यांनी एका मोठ्या शहरातील दुकानातून मुलासाठी बूट आणले. पाऊल सुमारे साडेबावीस सेंटिमीटर, बूट साडेचोवीसचे. दुकानदार म्हणाला, दोन वर्षे चिंता नाही. तिसऱ्या हिवाळ्यात तो मुलगा औलीला गेला आणि पहिल्याच दिवशी पडू लागला. दुसऱ्या दिवशीही पडला. मग तो पाठ मागे टाकून, नितंब खाली सोडून, कसाबसा उतरू लागला. चौथ्या दिवशी पोटात दुखते म्हणून खोलीतच राहिला. वडील रागावले, एवढा खर्च केला आणि पोरगा भित्रा निघाला, असे चारचौघांत बोलले. मुलगा काही बोलला नाही. बुटाचे नाव त्याने काढले नाही, कारण ते बूट वडिलांनी मोठ्या हौसेने आणलेले होते. शेवटी एका वयस्क गढवाली शिक्षकाने त्याला खुर्चीवर बसविले, बूट काढावयास लावला, आतला मऊ भाग बाहेर ओढला, आणि मोकळ्या कवचात मुलाचे पाऊल उभे करून टाचेमागे आपली तीन बोटे सहज घालून दाखविली. वडिलांना तो एवढेच म्हणाला, "साहब, बच्चा नहीं डरता, पैर डरता है।" भाड्याच्या बुटांच्या ढिगातून त्याने २२.५ चा एक जुनाट जोड शोधून काढला. दोन दिवसांनी मुलगा पुन्हा पहिल्यासारखा वळत होता. नवे बूट त्यानंतर दोन वर्षे माळ्यावर होते.

आम्ही हे सविस्तर सांगितले, कारण अशा मुलांच्या माथी भित्रेपणाचा शिक्का बसताना आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. टाच बुटात वर उचलली जात असेल तर मुलगा आपोआप मागे झुकतो. मागे झुकला की स्कीची पुढची टोके हलकी पडतात आणि त्या हाताबाहेर जातात. मग तो पायाची बोटे आत आवळून बुटाचा तळ पकडू पाहतो. तासाभरात तळव्यात गोळे येतात. बूट घट्ट व्हावा म्हणून बकले करकचून आवळतो. त्याने पावलाच्या वरच्या बाजूच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि बोटे बधिर होतात. मोठ्या बुटात पाय अधिक ऊबदार राहतो ही आपली समजूत आहे. प्रत्यक्षात उणे तापमानात सर्वांत आधी गारठतात ती मोठ्या बुटातली पावले. बधिर झालेले बोट हे केवळ गैरसोयीचे लक्षण नाही, हे हिमदंशाविषयी ज्यांनी वाचले आहे त्यांना सांगावयास नको.

आता माप. स्कीच्या बुटावरील आकडा हा आपल्या नेहमीच्या सहा-सात नंबरांपैकी नसतो. तो पावलाची सेंटिमीटरमधील लांबी दाखवितो. या पद्धतीला मोंडोपॉइंट म्हणतात. २३.५ म्हणजे साडेतेवीस सेंटिमीटरचे पाऊल. तेव्हा शाळेच्या जोड्याच्या नंबरावरून तक्ते पाहून हिशेब करण्याची गरजच नाही, आणि करूही नये. मुलाला अनवाणी, टाच भिंतीला टेकवून, कागदावर उभे करावे. भार दोन्ही पायांवर सारखा असावा. सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी, मग तो अंगठा असो वा शेजारचे बोट, खूण करून पट्टीने मोजावे. दोन्ही पाय मोजावेत. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्याहून थोडा मोठा असतो, मोठा धरावा. संध्याकाळी मोजावे, कारण दिवसभरात पाऊल किंचित फुगते.

येथे दुकानातील एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. बहुतेक कारखाने बाहेरचे प्लास्टिकचे कवच पुऱ्या आकड्यांतच घडवितात. २३ आणि २३.५ यांचे कवच एकच असते. फरक आतल्या मऊ भागाचा किंवा तळपट्टीचा. म्हणून "अर्धा नंबर मोठा" घेऊन आपण फार काही मिळवीत नाही, आणि २३.५ वरून २४ वर गेलो की मात्र पुरे एक कवच वर चढतो.

पारख करण्याची खरी जागा म्हणजे ते रिकामे कवच. त्या गढवाली शिक्षकाने जे केले ते दुकानात स्वतः करावे. आतला मऊ बूट बाहेर काढावा, मुलाने पाऊल कवचात घालून बोटे पुढे जेमतेम टेकवावीत, आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहावे. शर्यतीत उतरणारी मुले एक ते दीड सेंटिमीटरवर भागवितात. आपल्या सुधारणाऱ्या विद्यार्थ्याला दीड ते दोन सेंटिमीटर पुरे. अडीचच्या वर गेले की तो बूट कितीही सुंदर असो, फळीवर परत ठेवावा. आम्ही या कामासाठी दीड आणि दोन सेंटिमीटर जाडीचे लाकडाचे दोन तुकडे सुताराकडून तासून घेतले आहेत. बोटांच्या जाडीवर विश्वासण्यापेक्षा ते बरे.

"पण पाऊल वाढते त्याचे काय?" हा प्रश्न येणार हे आम्ही जाणतो; आमच्या घरी तो सौभाग्यवतींनी अर्थमंत्र्यांच्या तडफेने विचारला होता. त्याचे उत्तर आमच्या वहीत आहे. कन्येचे पाऊल तिसऱ्या हिवाळ्यात २२.२ होते, चौथ्यात २३, पाचव्यात २३.४. वाढत्या वयात पाऊल वर्षाकाठी साधारण एक सेंटिमीटर वाढते, कधी कमी, कधी जास्त. परंतु आपला मोसम केवढा? जानेवारी ते मार्च, आणि त्यातही बर्फ मनासारखा पडला तर; अलीकडे तो आपल्या सुट्यांचा मुलाहिजा ठेवीत नाही. म्हणजे पाऊल वर्षभर वाढते, पण बुटात ते असते फार तर तीन महिने. त्या तीन महिन्यांत वाढून वाढून किती वाढणार? पाव सेंटिमीटर! उरलेली वाढ होते ती बूट पेटीत असताना. म्हणून मोजणी डिसेंबरात करावी, दिवाळीत मोजून घेतलेले बूटही जानेवारीपूर्वी पुन्हा घालून पाहावेत, आणि खरेदी त्या मोसमाच्या पावलासाठी करावी. आमचा २३.५ चा जोड दोन हिवाळे पुरला, तो वाढीची जागा सोडली होती म्हणून नव्हे. मुलींची वाढ त्या वयात मंदावते म्हणून. मुलगे असते तर हा लाभ झाला नसता.

रुंदीविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण तेथे आपले पाय आणि परदेशी बूट यांचे फारसे जमत नाही. चांभार ज्या लाकडी फर्म्यावर जोडा बेततो, तसाच या बुटांचाही फर्मा असतो, आणि त्याची चवड्याशी असलेली रुंदी मिलिमीटरमध्ये सांगितलेली असते: ९८ म्हणजे अरुंद, १०० मध्यम, १०२ व वर रुंद. हे आकडे मोठ्यांच्या २६.५ च्या बुटावरून धरलेले असतात. लहान मापात रुंदी त्या प्रमाणात कमी होते. अनवाणी किंवा चपलांत वाढलेले पाऊल चवड्याशी पसरलेले असते. बोटे मोकळी, करंगळी बाहेर. असे पाऊल अरुंद बुटात घातले की करंगळीच्या मुळाशी कळ येते, मुलगा ओरडतो, आणि दुकानदार लगेच एक माप लांब असलेला बूट पुढे करतो. त्यात चवडा सुटतो खरा, पण टाच निराधार होते. रुंदीचे दुखणे लांबीवर काढावयाचे नाही. त्याच लांबीचा, रुंद फर्म्याचा दुसरा बूट मागावा. तो नसेल तर दुसऱ्या दुकानी जावे, तेथेही नसेल तर त्या वर्षी भाड्यावर भागवावे. युरोप-अमेरिकेत बूट पायाला बेतून देणारे कारागीर असतात. ते प्लास्टिक तापवून नेमक्या जागी फुगवटा काढतात, तळव्याच्या कमानीखाली आधाराची पट्टी घडवून देतात. आपल्याकडे असा कारागीर सहजासहजी भेटत नाही. घरच्या शेगडीवर तो प्रयोग कोणी करू नये.

कोल्हापुरी चपलेने आपल्याला एक चुकीची शिकवण देऊन ठेवली आहे. नवी चपल पहिले आठ दिवस चावते, तिला तेल पाजावे लागते, मग ती पायाचा आकार घेते आणि पुढे वर्षानुवर्षे साथ देते. चामड्याचा तो धर्मच आहे. स्कीचे बूटही एके काळी चामड्याचे आणि नाडीचे होते. १९५५ साली स्वित्झर्लंडच्या हान्स मार्टिन यांनी त्यांना बकले लावली, आणि पुढल्या दशकात अमेरिकेच्या बॉब लँग यांनी ते प्लास्टिकचे केले. प्लास्टिकचे कवच वापराने तसूभरही सैल होत नाही. घोट्याच्या हाडावर आज टोचते ते उद्याही टोचेल. याच्या उलट आतला मऊ भाग मात्र आठ-दहा दिवसांत दबून पातळ होतो. म्हणजे दुकानात जो बूट घरच्या सपातेसारखा सुखावह वाटतो तो फेब्रुवारीत ढिला होणार, हे ठरलेले. दुकानात पकड कशी असावी? रस्ता ओलांडताना आपण लहान मुलाचा हात धरतो तशी: सुटत नाही, आणि दुखतही नाही. ती सगळीकडून सारखी हवी. एकाच जागी बोचत असेल तर नको.

घालून पाहावयाचे तेही घाईने नव्हे. टाच जमिनीवर आपटून मागे बसवावी, घोट्यावरचे बकल आधी हलकेच लावावे, गुडघे दहा-पंधरा वेळा पुढे वाकवावेत आणि मग बाकीची बकले लावावीत. ताठ उभे राहिले असता बोटे पुढे टेकतात. गुडघे वाकवले की ती मागे सरून मोकळी होतात. असे झाले तर लांबी बरोबर. ताठ उभे असतानाच मुलाने "बोटे टेकतात" म्हणून सांगितले की आईबाप बूट परत करतात, आणि आमच्या मते अर्धेअधिक योग्य बूट याच क्षणी हातचे जातात. मुलाला बूट घालून वीस मिनिटे दुकानात तसेच बसवावे, चालवावे, वाकवावे. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्यावा.

पायमोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा. दोन मोजे घातल्याने ऊब वाढत नाही. सुरकुत्या पडतात, फोड येतात. थर्मल पायजम्याची कड बुटात कोंबू नये, तिचा वळ नडगीवर उठतो. आजीने विणलेले जाड लोकरी मोजे हे संध्याकाळी मुक्कामावर पांघरुणात बसून घालण्यासाठी आहेत, आणि त्या जागी त्यांना तोड नाही.

कडकपणासाठीही एक आकडा असतो, त्याला फ्लेक्स म्हणतात. ३५-४० किलो वजनाच्या मुलाला ५० ते ७० चा बूट पुरतो. चांगले वळू लागलेल्या, अंगाने भरलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना ६० ते ८०. हे आकडे कोणत्याही एका प्रमाणावर बेतलेले नाहीत. एका कारखान्याचा ७० दुसऱ्याच्या ८० इतका असू शकतो. शिवाय प्लास्टिक थंडीत आणखी ताठरते, त्यामुळे डेहराडूनच्या दुकानात जो बूट वाकतो तो औलीत वाकेलच असे नाही. मुलाने गुडघा पुढे रेटला आणि बुटाची नळी थोडी तरी झुकली पाहिजे. काकांचे किंवा थोरल्या भावाचे ११० चे बूट माप जुळते म्हणून लहानाला चढविणे म्हणजे त्याचा घोटा खिळ्याने ठोकण्यासारखे आहे. मुलींच्या पोटऱ्या थोड्या खाली भरतात. त्यांच्यासाठी नळी बुटकी व वर रुंद असलेले बूट मिळतात, ते आधी पाहावेत.

एका बाबतीत मात्र आम्ही कोणाची सवलत मान्य करणार नाही. बूट आणि स्की यांना जोडणारा जो चाप असतो, त्याला बाइंडिंग म्हणतात. पडताना तो वेळेवर सुटावा आणि पाय मोकळा व्हावा, अशी त्याची योजना असते. न सुटला तर पीळ गुडघ्यात किंवा नडगीच्या हाडात जातो. तो किती जोरावर सुटावा हे मुलाचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून ठरते. ही लांबी मिलिमीटरमध्ये बहुधा टाचेच्या बाजूवर कोरलेली असते. अर्थात बूट बदलला की चाप पुन्हा बसवून घेतलाच पाहिजे, स्की त्याच असल्या तरी. लहान मुलांच्या बुटांचे तळ आणि मोठ्यांचे तळ घडणीने वेगळे असतात, आणि प्रत्येक चापात दोन्ही चालत नाहीत. हे काम जाणकाराकडून, मुलाचे खरे वजन सांगून करून घ्यावे. बूट घालून डांबरी रस्त्यावर चालत गेल्याने तळ झिजतो आणि झिजलेला तळ चापात नीट बसत नाही, म्हणून निवासापासून उतारापर्यंत साधे बूट घालून जावे.

जुने बूट घेण्यास आमची हरकत नाही. किंबहुना वाढत्या मुलांसाठी आम्ही तेच सुचवू. पण वय विचारावे. हे प्लास्टिक हवेतील ओलाव्याने, न वापरताही, आतून जीर्ण होत जाते, आणि वरून धडधाकट दिसणारा पंधरा-वीस वर्षांचा बूट उतारावर अचानक फुटतो. डोंगरी बाजारांत असे बूट स्वस्तात मिळतात. कवचावर केसासारखी चीर, पांढरट डाग, सैल झालेले बकल, झिजलेला तळ, यांपैकी काही दिसले की सोडून द्यावा. आपले बूट टिकावेत म्हणून रात्री आतला भाग काढून खोलीच्या उबेत वाळवावा, बुखारीला टेकवू नये. आणि मोसम संपला की बकले हलकी लावून ठेवावीत, म्हणजे कवचाचा आकार बिघडत नाही.

आता कार्यकारिणीपुढे एक प्रस्ताव. प्रत्येक घराने दर हिवाळ्याला नवे बूट घ्यावेत, असे सांगण्याइतके आम्ही पगाराच्या वस्तुस्थितीपासून दूर नाही. पण आपल्या ग्रंथालयात दिवाळी अंकांच्या कपाटाखालचा कप्पा रिकामा आहे. एका मुलाचा बूट लहान होतो तेव्हा तो बहुधा धडच असतो, आणि त्याच मापाचे पाऊल मंडळातील दुसऱ्या एखाद्या घरात वाढत असते. तेव्हा लहान झालेले बूट मंडळात जमा करावेत, त्यांवर लांबी, रुंदी, फ्लेक्स, तळाची लांबी आणि खरेदीचे वर्ष लिहिलेली चिठ्ठी लावावी, आणि पुस्तकांप्रमाणेच ते नोंदवहीत सही घेऊन एका मोसमासाठी द्यावेत. दहा वर्षांवरील जोड कपाटातून रद्द करावा. त्यावर दया दाखवू नये. आमच्या कन्येचे २२.५ आणि २३.५ असे दोन जोड आम्ही आज येताना आणले आहेत. ते चिटणीसांच्या टेबलाखाली ठेवले आहेत. पावती देण्याची घाई नाही.

मोजपट्टी, कागद आणि ते लाकडाचे दोन तुकडेही सोबत आहेत. अध्यक्षांची अनुमती असेल तर चहापूर्वी मुलांच्या पावलांची नोंद घ्यावी असा विचार आहे. सतरंजीवरील मंडळींनी एकामागून एक डाव्या भिंतीशी यावे. पायमोजे काढून यावे. ज्यांच्या पायमोज्यांना भोके असतील त्यांनी संकोच करू नये, आमच्याही आहेत.